पाठीवरून उतरलेला पंप

मी एक जुना फवारणीचा पंप आहे. पितळी टाकी, पाठीवर अडकवायचे दोन पट्टे, एका बाजूला दांडा आणि दुसऱ्या बाजूला लांब नळी. मित्रांनो, हल्ली मी परसातल्या पत्र्याच्या खोलीत खुंटीला टांगलेला असतो. फार थकलो आहे. धूळ झटकायला कुणी हात लावला तरी नको वाटतं.

कारखान्यात माझे सांधे जोडले, पाणी भरून तपासलं, तेव्हा एक थेंबही गळला नव्हता. मला विकत घेतलं एका घड्याळजींनी. चाळीस वर्षं इतरांची घड्याळं दुरुस्त करून त्यांनी दुकान बंद केलं आणि परसात गुलाब लावले. दर रविवारी सकाळी ते माझ्यात औषध कालवत, मला पाठीवर घेत आणि ओळीने फवारत जात. दांडा वर, दांडा खाली. अशी बारा वर्षं गेली. आमच्या परसात मुंगीसुद्धा वाट चुकून येत नसे. फुलांच्या प्रदर्शनात त्यांच्या गुलाबाचा पहिला नंबर आला, तेव्हा घरी येऊन त्यांनी माझ्या टाकीवर थाप मारली. मी अगदी फुगून गेलो होतो.

घड्याळजींची बायको ग्रंथालयात कामाला होती. निवृत्त झाल्यावर तिने परसाचा मागचा कोपरा मागून घेतला. काळ्या पंखांचं, तांबड्या पोटाचं एक फुलपाखरू तिने लहानपणी पाहिलं होतं. गावात ते आता कुणालाच दिसत नव्हतं. ते फक्त एका रानवेलीवर अंडी घालतं, एवढं तिने पुस्तकांतून शोधून काढलं आणि ओढ्याकाठून त्या वेलीची फांदी आणून कुंपणाशी लावली. वेल कसली, फुलं नावापुरती आणि वास कडवट! दोन वर्षं तिने पाणी घातलं. कुणी फिरकलं नाही.

"अगं, आमंत्रणपत्रिका तरी धाडलीस का त्यांना?" घड्याळजी चिडवायचे.

"येतील हो, जरा दम धरा," ती म्हणायची.

तिसऱ्या वर्षी फुलपाखरू आलं. शेंदरी अंडी घालून गेलं, अंड्यांतून काळे, काटेरी सुरवंट निघाले. नवऱ्याला एकदम फुलपाखरंच दाखवायची, म्हणून तिने हे कुणालाच सांगितलं नाही. एका रविवारी ती बहिणीकडे गेली. घड्याळजींना वेलीची पानं कुरतडलेली दिसली. बिचारीने इतकी जपलेली वेल, असं म्हणत त्यांनी माझ्यात दुप्पट औषध घातलं. मित्रांनो, त्या दिवशी मी फार चांगलं काम केलं. तेच मला अजून सोसवत नाही.

संध्याकाळी ती परतली. "तुझी वेल वाचवली बघ," ते कौतुकाने म्हणाले.

ती वेलीपाशी खाली बसली. मातीत पडलेले सुरवंट एकेक करून तळहातावर घेतले. अकरा होते.

"अहो, ह्यांच्यासाठीच तर वेल लावली होती मी," एवढंच म्हणाली आणि आत गेली. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. चार दिवस त्या घरात कामापुरतं बोलणं होतं.

घड्याळजींनी मला साबणाने तीनदा धुतलं आणि खुंटीला लावलं. वर्षभर गुलाबांवर माव्याची कीड माजली. दुकानातलं भिंग डोळ्याला लावून ते ओल्या फडक्याने एकेक कळी पुसत बसायचे. प्रदर्शनात नंबर गेला. शेजारचे निवृत्त ड्रायव्हर कुंपणावरून हसायचे, "घड्याळजी, गुलाबांची आंघोळ झाली का?" घड्याळजी पुढची कळी पुसायला घ्यायचे. त्या वर्षी काळं फुलपाखरू आलं नाही.

पुढच्या वर्षी बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली, म्हणून वेलीला पाणी घालायचं काम घड्याळजींकडे आलं. एका सकाळी ते झारी हातात धरून तसेच खिळून राहिले.

"अगं ए, हळू ये. चपला काढून ये."

ती एका डोळ्यावर पट्टी बांधलेली, भिंतीला धरत आली. "कुठाय?"

"वरून तिसरं पान."

एका डोळ्याने तिने ते पाहिलं. फुलपाखरू पोट वळवून कोवळ्या पानाखाली अंडी ठेवत होतं. तिने फक्त त्यांच्या हातातली कलती झारी सरळ केली.

आठवड्याभराने ड्रायव्हर दारात उभे. त्यांच्या लिंबावर अळ्या पडल्या होत्या. "पंप द्या की दोन दिवस." तो लिंब कुंपणाला लागून, आणि वारा आमच्याच बाजूला वाहत होता.

"बिघडलाय हो," घड्याळजी म्हणाले.

"बाहेरून तर धडधाकट दिसतोय!"

"आतून गेलाय."

ड्रायव्हर कुरकुरत गेले. मग घड्याळजी खोलीत आले, मला मांडीवर घेतलं, दांडा सोडवला आणि आतली, दाब धरणारी चामडी चकती काढून कचऱ्यात टाकली. जन्मभर बिघडलेलं नीट करणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच चांगली वस्तू बिघडवली. मला दुखलं नाही. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी 'बस आता' म्हटल्यासारखं वाटलं.

त्या वर्षी अंड्यांतून निघालेल्या सोळा सुरवंटांपैकी काही पक्ष्यांनी नेले, काही असेच गेले. सहा कोष टिकले, त्यांतली पाच फुलपाखरं उडाली. तोवर पट्टी सुटली होती. तिने पाचही दोन्ही डोळ्यांनी पाहिली.

मित्रांनो, तुमच्या बागेत एखादं पान कुरतडलेलं दिसलं, तर पंपाकडे धावण्याआधी ते कुणाचं जेवण आहे, हे घरातल्या माणसांना विचारा. थोडी पानं जाऊ द्या. आणि माझ्यावर दया येऊन मला दुरुस्त करू नका. तसली चकती अजून दुकानात मिळते म्हणे. कृपा करून आणू नका.