झाडावरचं बोलणं

मित्रांनो, मी एक जुना कॉलर माईक आहे. शर्टाच्या कॉलरला चिमट्याने लावतात तो, जेमतेम बोराएवढा. पूर्वी माझ्या डोक्यावर काळ्या स्पंजची टोपी होती, ती हरवली. वायर दोन जागी सोलली आहे. मला बघून तुम्ही म्हणाल, याची काय गोष्ट असणार? पण माझ्याजवळ एक निरोप अडकून पडला आहे. आम्हा वस्तूंना तोंड फक्त गोष्टीत मिळतं, म्हणून तो तुम्हाला सांगतो.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवण सुरू होते ती डहाणू स्टेशनजवळच्या एका मोबाईलच्या दुकानापासून. चार्जर आणि मोबाईलच्या कव्हरांच्या गर्दीत मी वर्षभर लटकत होतो. २०१६ साली एक मुलगी आली आणि नेमकं माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तो द्या." ती सुषमा. तळासरीच्या वाटेवरच्या एका पाड्यातली. तिचे बाबा लडक्या आणि आई तुळशी, दोघं चिकूच्या वाड्यांमध्ये मजुरीला जायचे. सुषमाला विरारच्या एका संस्थेत व्हिडिओ गेम बनवायच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. पाड्यातले लोक हसायचे. "मोबाईलवर खेळायला पण आता कॉलेज लागतं काय?" लडक्या शांतपणे सांगायचा, "खेळायला नाय, खेळ बनवायला." आणि मग इतका ताठ चालायचा की मलाच हसू यायचं.

ती दोन-तीन वर्षं माझ्या सुखाची होती. गेमला चित्र लागतं तसा आवाजही लागतो, आणि आवाज म्हटला की मी! मी बेडूक ऐकले, एसटीचा खडखडाट ऐकला, तुळशीच्या हातावर थापली जाणारी भाकरी ऐकली. वर्गात माझ्याहून महाग माईक पुष्कळ होते. पण सुषमाचे आवाज लागले की मनिष सर सगळ्यांना गप्प करायचे. मी तेव्हा जरा चढून गेलो होतो, हे कबूल करतो.

सर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. "आवाज स्वच्छ करा. खेळात जे लागत नाही ते कापून टाका." सुषमा ते मन लावून शिकली. रेकॉर्ड केलेला आवाज कॉम्प्युटरच्या पडद्यावर रेघेसारखा दिसतो. मोठा आवाज तिथे डोंगरासारखा उंच होतो आणि हळू आवाज गवतासारखा बुटका राहतो. हात बसल्यावर सुषमाला सगळं ऐकावंही लागेना. ती डोंगर तेवढे उचलायची आणि गवत पुसून टाकायची. तासाभराचं काम पाच मिनिटांत व्हायचं.

शेवटच्या वर्षी तिने चिकूच्या वाडीचा गेम बनवायला घेतला. झाडावर तिचे बाबा. ते चिकू तोडतात, टोपली भरतात, दोरीने खाली सोडतात आणि हाक मारतात, "धर गं, सोडतो!" खेळणाऱ्याने ती टोपली वेळेवर धरायची. नाही धरली तर बाबा रागवत नाहीत, टोपली वर ओढून घेतात आणि पुन्हा तीच हाक देतात. "आमचे बाबा असेच आहेत," असं तिने सरांना सांगितलं होतं.

२०१९ च्या जानेवारीत ती खऱ्या हाका घ्यायला घरी आली. त्या थंडीत आमच्याकडे भूकंपाच्या धक्क्यांनी जमीन वरचेवर हलत होती. भीतीने सारा पाडा उघड्यावर, एकमेकांना लागून झोपायचा. कुणाला कुणाशी दोन शब्द एकट्याने बोलायची सोय नव्हती.

वाडीत सुषमाने मला लडक्याच्या कॉलरला लावलं आणि मोबाईल त्याच्या खिशात ठेवला.

"यात काय बोलू मी?" लडक्याने विचारलं.

"रोज झाडावरून बोलतोस तेच बोल, बाबा. मी नंतर ऐकेन."

तो वर चढला. दोन-चार टोपल्या सोडल्या, हाका मारल्या. मी त्याच्या छातीजवळ होतो, त्यामुळे आत शिट्टीसारखा वाजणारा श्वास मला स्पष्ट ऐकू येत होता. पानांच्या आड तो थोडा वेळ नुसता बसला. मग हनुवटी माझ्याकडे झुकवून अगदी हळू बोलला.

"सुषमा बाय, तू नंतर ऐकशील ना? मग आताच सांगतो. खाली तुझ्यासमोर जमत नाय. माझी छाती बरी नाय. गोळ्या घेतो, पण दम पुरत नाय. तुझ्या आईला अजून बोललो नाय. शिकणं सोडू नको हां, त्यासाठी नाय सांगत. फक्त पाऊस लागायच्या आधी एकदा ये. चार दिवस राहा. मला तुझा गेम खेळायला शिकव. मला कुठे काय येतं? पण तू शिकवशील तर येईल."

मग तो खोकला, डोळे पुसले आणि मोठ्याने ओरडला, "धर गं, सोडतो!"

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. विरारला जाऊन सुषमाने डोंगर उचलले आणि गवत पुसलं. मोबाईल भरला होता, म्हणून मूळ रेकॉर्डिंगही काढून टाकलं. मी तिथेच टेबलावर पडलो होतो. मित्रांनो, मी ऐकू शकतो, लक्षातही ठेवतो, पण परत ऐकवू शकत नाही आणि ओरडूही शकत नाही. त्या दिवशी मला माझी फार चीड आली.

पंधरा दिवसांनी लडक्याचा फोन आला. मी मोबाईललाच जोडलेला होतो.

"मी बोललो ते ऐकलंस काय, बाय?"

"हो बाबा, ऐकलं ना! एकदम मस्त आलंय. सर पण खूश झाले."

पलीकडून लडक्याने विचारलं, "मग जमेल ना?"

"जमेल की! नक्की जमेल," सुषमा म्हणाली. ती गेमबद्दल बोलत होती.

"बरं झालं," लडक्या म्हणाला. त्याचा आवाज एकदम हलका झाला होता.

एप्रिल गेला, मे गेला. सुषमाचा गेम वर्गात पहिला आला. होस्टेलच्या सगळ्या मुलींनी तो खेळून पाहिला. ज्याच्यावर तो बनवला होता, तो मात्र एकदाही खेळला नाही. जूनमध्ये पाऊस लागला आणि दुसऱ्याच आठवड्यात लडक्या गेला.

दिवस झाल्यावर तुळशी सुषमाजवळ येऊन बसली. "बाय, तुला तर त्याने आधीच सांगितलं होतं ना?"

"मला? काय सांगितलं होतं?"

"वाडीत. ते काळं कॉलरला लावलं होतंस, त्यात बोलला. काय ते मला पण नाय सांगितलं. मला बोलायचा, सुषमाला सांगून ठेवलंय, ती येईल. रोज गाडीच्या टायमाला वाटेवर जाऊन बसायचा."

सुषमाने विचारलं, "आणि मी आले नाही तेव्हा?"

"बोलला, परीक्षा असेल. मोठं काम हाय पोरीचं."

सुषमाने मोबाईल धुंडाळला, पेन ड्राइव्ह धुंडाळले. विरारला जाऊन मनिष सरांबरोबर वर्गातला एकेक कॉम्प्युटर पाहिला. बाबांचा आवाज कुठेच उरला नव्हता. उरली होती फक्त गेममधली हाक, दोन सेकंदांची. घरी येऊन तिने मला हातात घेतलं, कानाशी धरलं आणि विचारलं, "बाबा काय बोलला रे?" मला शब्द न् शब्द पाठ होता. ती माझ्यावर ओठ टेकून रडत राहिली आणि मी तेही फक्त ऐकलं.

आता मी त्यांच्या घरात खुंटीला टांगलेला असतो. दुपारी सुषमा लॅपटॉप उघडून तो गेम लावते. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी हळू बोलत असेल, खोकत खोकत बोलत असेल, तेच तेच बोलत असेल, तर काम बाजूला ठेवा आणि शेवटपर्यंत ऐका. ऐकल्याशिवाय काही पुसू नका. मी हात नसलेला जीव, मला दुसरं काही करता येत नाही, म्हणून एवढंच मागतो.

टोपली धरली की गेममधली हाक थांबते. म्हणून सुषमा ती धरत नाही. बाबा टोपली वर ओढून घेतात, न रागवता पुन्हा हाक मारतात, "धर गं, सोडतो!" ती नुसती ऐकत बसते.