काचेच्या कपाटातला नमुना

माझ्या पाठीखाली एक पत्र कितीतरी महिने पडून होतं. ते मला लिहिलेलं नव्हतं, हे खरं. पण त्यात विचारलं होतं ते माझ्याबद्दल, आणि त्याला उत्तर मिळालं नाही ते माझ्यामुळे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, तू काय करणार होतास? मीही स्वतःला तेच सांगत आलो. तरी ते पत्र आठवलं की मला अजून चोरट्यासारखं होतं.

मी एक जुना बोलका तक्ता आहे. माझ्यावर अक्षरं आणि चित्रं आहेत. बदक दाबलं की मी 'ब, बदकाचा' म्हणतो, घर दाबलं की 'घ, घराचा'. कोणी दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि दाबल्यावरही ठरलेलंच बोलता येतं. त्यामुळे ही गोष्ट मला नीट सांगता येईल का, याची शंकाच आहे. सांभाळून घ्या.

कारखान्यात इतर तक्ते सरकत्या पट्ट्यावरून भराभर पुढे जात, मला मात्र एका बाईंनी एकटीने बनवलं. माझ्या कडा त्यांनी घासून गुळगुळीत केल्या आणि वरून अंगठा फिरवून पाहिला. पाठीतल्या खोबणीत बटणाएवढा चपटा सेल बसवला, झाकण लावलं आणि त्यात एक बारीक स्क्रू पिळला. मग नखाने ते झाकण उचकटायचा प्रयत्न केला. ते हललं नाही.

"जपून हं, नमुना आहे तो," मुकादम म्हणाला.

"म्हणजे बाकीचे कसेही केले तरी चालतात वाटतं?" बाई म्हणाल्या. सगळे हसले. मलाही तेव्हा गंमत वाटली होती.

मग मला तपासणीला पाठवलं. तिथे मला फरशीवर आपटलं, माझा रंग खरवडला, चिमट्याने माझी बटणं ओढली आणि आवाज मुलांच्या कानाला सोसेल इतकाच आहे ना, ते मोजलं. मी पास झालो. 'मंजूर नमुना' अशी चिठ्ठी गळ्यात बांधून मी खेळण्यांच्या घाऊक व्यापाऱ्याच्या दुकानात आलो आणि काचेच्या कपाटात बसलो.

दुकानाच्या मालकांना माझा फार अभिमान. शाळेची माणसं, किरकोळ दुकानदार आले की ते मला बाहेर काढत. "पडला तरी फुटत नाही, चाटला तरी रंग जात नाही. आणि सेल तर तुम्हालाच काढता यायचा नाही, पोरांचं काय घेऊन बसलात!" समोरचा माणूस नख लावून बघे, हरे, हसे, आणि माल सांगून जाई. मी फुगून जायचो.

दर वर्षी मालक कारखान्याला कळवत, "मागच्यासारखाच पाठवा." सीलबंद खोकी मागच्या गोदामात येत आणि तशीच सीलबंद पुढे जात. गोदामवाले मामा एखादं खोकं कानाशी धरून दाबत. आतून कोणीतरी 'म, माशाचा' म्हणे. "बोलतोय!" असं मामा ओरडत, की झाली तपासणी. उघडलेलं खोकं गिऱ्हाईक घेत नाही, असा त्या धंद्यातला समज. त्यामुळे माझ्या भावंडांचं तोंड मालकांनी कधी पाहिलं नाही. मीही नाही.

मग ते पत्र आलं, लांबच्या गावातल्या एका बालवाडीच्या बाईंचं. मालकांनी ते सूनबाईंना वाचून दाखवलं. दुकानाचा हिशेब सूनबाई बघत.

"तुमच्या तक्त्याचं झाकण मुलं नखाने उघडतात," बाईंनी लिहिलं होतं. "काल एकाने सेल गालात धरला होता. वेळेवर दिसला म्हणून बरं. तो घशात अडकला तर आतून जाळतो, असं डॉक्टर म्हणाले. मी आमचे सगळे तक्ते उघडून पाहिले. स्क्रू एकालाही नाही. सगळा माल असाच आहे का? तुमचं उत्तर येईपर्यंत तक्ते वरच्या फळीवर ठेवले आहेत. पण मुलं रोज मागतात. त्यांना किती दिवस नाही म्हणू?"

"बाबा, खोक्यातला एक काढून बघू या," सूनबाई म्हणाल्या.

"सीलबंद खोकं फोडायचं? मग ते घेणार कोण? आणि नमुना आहे की समोर!" मालकांनी मला काढलं, नख लावलं. माझं झाकण हललं नाही. "बघ. मुलांनीच स्क्रू काढून हरवले असतील."

"सगळ्यांचेच?"

"अगं, मुलं आहेत ती. काय वाट्टेल ते करतात."

तरी मनात शंका नको म्हणून त्यांनी तपासणीला पुन्हा एक तक्ता पाठवला. कोणता, सांगा? मलाच. पुन्हा आपटलं, पुन्हा ओढलं, पुन्हा पास. मित्रांनो, दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसलेल्या मुलाला कसं वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं. मालक मात्र निर्धास्त झाले. ते वाईट नव्हते हो. त्यांना खरंच बरं वाटलं. "उत्तर सवडीने लिहू," असं म्हणत त्यांनी पत्र माझ्या पाठीखाली सरकवलं, आणि ती सवड काही आली नाही.

एके दिवशी सूनबाईंची छोटी मुलगी दुकानात आली. गोबऱ्या गालांमुळे सगळे तिला ठमी म्हणत. तिला मीच हवा होतो.

"तो नमुना आहे, राणी. त्याला हात नाही लावायचा," मालक म्हणाले. तिने भोकाड पसरलं. तेव्हा त्यांनी मामांना हाक मारली, "एक खोकं फोडा हो!"

बालवाडीच्या बाईंसाठी न फुटलेलं खोकं नातीसाठी फुटलं.

ठमी माझ्या कपाटाखालीच बसली. तिने बदक दाबलं, मासा दाबला. मग तक्ता उलटा केला. टक् असा आवाज आला.

"आजोबा, गोळी!" तिचा हात तोंडाकडे निघाला होता.

सूनबाईंनी झडप घातली. सेल टणकन फरशीवर पडला आणि घरंगळत मालकांच्या चपलेपाशी थांबला. ठमी घाबरून रडू लागली. तिला कोणी गप्प केलं नाही.

मालकांनी तो तक्ता आणि मी, दोघांना शेजारी पालथं ठेवलं. माझ्या पाठीवर स्क्रू होता. माझ्या भावाच्या पाठीवर स्क्रूसाठी भोकसुद्धा नव्हतं. त्यांनी आणखी खोकी फोडली. सगळी तशीच.

कारखान्याला फोन लावला. "नमुन्याला होता हो स्क्रू," पलीकडून उत्तर आलं. "पण गेल्या वर्षापासून खटक्याचं झाकण करतो. काम लवकर होतं. तुम्ही काही बोलला नाहीत, आम्हाला वाटलं चालतंय."

मालकांनी फोन ठेवला. सूनबाईंनी कपाट उघडलं आणि माझ्या पाठीखालचं पत्र काढून त्यांच्यासमोर ठेवलं. टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बाहेर एका मोठ्या शाळेचा माल भरून गाडी उभी होती. "उतरवा," मालक म्हणाले.

"अहो, आत्ताच तर भरली!" मामा कळवळले. "कंबर मोडली आमची."

"उतरवा मामा. आणि आधी ज्यांना ज्यांना माल दिलाय, त्यांना आजच फोन करायचे. माल परत घ्यायचा."

बालवाडीचा फोन मात्र कोणाकडे नव्हता, फक्त पत्ता होता. मालक लिहायला बसले. बरेच कागद चुरगळून झाल्यावर त्यांनी लिहिलं, "बाई, तक्ते मुलांना देऊ नका. दिले असतील तर आधी ते काढून घ्या, मग पुढचं वाचा. तुमचं म्हणणं खरं होतं. मी माल न बघता नमुनाच बघत बसलो."

मग त्यांनी मला कागदात गुंडाळायला घेतलं.

"नमुना कशाला पाठवताय?" सूनबाईंनी विचारलं.

"झाकण कसं हवं, ते त्यांना हातात धरून बघता येईल. पुढच्या वेळी कोणाकडूनही घेतील, तेव्हा उपयोगी पडेल. आणि या कपाटात आता काही नको. यापुढे माल आला की हाताला येईल ते खोकं फोडायचं आणि त्यातला तपासायला पाठवायचा. दर वेळी."

मित्रांनो, माझं एवढंच ऐका. घरी बोलणारं, चमकणारं खेळणं आलं की ते आधी पालथं करा आणि झाकणाला स्क्रू आहे का, ते मोठ्यांना बघायला सांगा. चपटा सेल सापडला तर लगेच त्यांच्या हातात द्या. आणि कोणी तो गिळला असं वाटलं, तर रागावतील म्हणून लपवू नका. ओरडून सांगा, लगेच दवाखान्यात जायला हवं. तुम्हाला दाबल्याशिवायही बोलता येतं. मला ते आलं असतं तर!

टपाल कार्यालयात कारकुनाने माझ्यावर धाडकन शिक्का मारला. तो नेमका बदकावर बसला, आणि कागदाच्या आतून मी म्हणालो, 'ब, बदकाचा'.

कारकून दचकला. "काय आहे हो आत?"

"पत्राचं उत्तर आहे," मालक म्हणाले. "फार उशीर झालाय. आजच्या थैलीत जाईल ना?"

"जाईल," कारकून म्हणाला आणि त्याने मला थैलीत टाकलं.

आता मी अंधारात आहे आणि गाडी चालली आहे. त्या बालवाडीतली वरची फळी माझ्या डोळ्यांपुढे येते. ती अजून भरलेलीच असू दे.