डाव्या वळणावरची घरघर

गाडीला घरघर लागली ती चाळिशी ओलांडल्यावर. म्हणजे काटा चाळीसच्या पुढे गेल्यावर. गाडीचं वय त्याहून बरंच कमी आहे. चाळीसच्या आत ती गप्प. पुढे गेली की पुढच्या कुठल्यातरी चाकातून घूंऽऽ सुरू व्हायचं, आणि डावीकडे वळलं की ते चढायचं. मी काच खाली करून ऐकलं, वर करून ऐकलं, रेडिओ लावून न ऐकण्याचाही प्रयत्न केला. पुढे पुढे तर मला ते जेवतानाही ऐकू यायला लागलं.

एरवी मी इतका कासावीस झालो नसतो, पण रविवारी चिरंजीव येणार होते. मागच्या खेपेला क्लच बदलला तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "बाबा, आता आणखी एक काम निघालं की गाडी काढून टाकायची. तुम्हाला कुठे जायचं असेल तिथे मी नेईन-आणीन." चिरंजीव नेतात-आणतात खरे, पण त्यांच्या सवडीने आणि त्यांना पटेल तिथे. गाडी गेली की आम्ही नवरा-बायको म्हणजे दाराशी ठेवलेली पार्सलं. कोणी येऊन उचलेपर्यंत पडून राहायचं.

तेव्हा रविवारच्या आत चाकाचं तोंड बंद करणं भाग होतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या टायवाल्या गृहस्थाने आवाज ऐकला आणि बेअरिंग गेलंय म्हणून सांगितलं. ते लोक नुसतं बेअरिंग बदलतच नाहीत. ते ज्यात बसतं तो चाकाचा अख्खा हब बदलतात, आणि दोन्ही बाजूंचा बदललेला बरा, असं त्यांचं मत पडलं. आकडा ऐकून मी विचारलं, "यात गाडीही मिळते का?" तो हसला नाही. तसं त्याला शिकवलेलं असावं.

मग मी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याला सगळे सर्जन म्हणतात, कारण तो आधी उघडतो आणि मग विचार करतो.

"नुसतं बेअरिंग टाकू," सर्जन म्हणाला. "निम्म्याच्याही निम्म्यात काम होईल. पण ठोकून बसवायचं नाही बरं का. हातोडा बसला की आतल्या गोळ्या दुखावतात आणि नवं बेअरिंगही जुन्यासारखं रडायला लागतं. मी प्रेसवर दाबून बसवतो. तुम्ही फक्त आजची रात्र ते फ्रीझरमध्ये ठेवा. गारठलं की जरा अंग चोरतं, मग मुकाट आत जातं. कुठलं चाक आहे? एक चक्कर मारून बघू का?"

"चक्कर मारूनच आलोय," मी म्हटलं. "डावं."

संध्याकाळी हिला मटारच्या पिशवीखाली बेअरिंग सापडलं. ते फ्रीझरमध्ये का, हे तिने विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात 'का' हा शब्द तिने सोडूनच दिला आहे.

"कुठल्या चाकाचं?"

"डाव्या. डावीकडे वळलं की आवाज वाढतो ना."

"मग उजवं असेल."

"ते कसं?"

"अहो, तुम्ही डावीकडे वळलात की मी उजवीकडे कलंडते. गाडीचा भारही तिकडेच जात असणार. ज्याच्यावर भार पडतो तो रडतो."

"तुझ्या कलंडण्याचा आणि बेअरिंगचा काय संबंध?" मी म्हटलं आणि फ्रीझरचं दार लावलं.

शनिवारी सर्जनने डावं चाक उतरवलं, प्रेसखाली किंचाळणारं जुनं बेअरिंग बाहेर काढलं आणि गारठलेलं नवं सफाईने आत बसवलं. मग सहज म्हणून त्याने जुनं बोटांत फिरवलं. ते लोण्यासारखं फिरलं. तो माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे बघेना. बाहेर रस्त्यावर काटा चाळीसच्या पुढे गेला आणि घूंऽऽ. दुसरं बेअरिंग सोमवारशिवाय मिळणार नव्हतं.

"गेला का आवाज?" हिने दारातच विचारलं.

"डाव्या चाकाचा अजिबात येत नाही," मी म्हटलं.

रविवारी जेवण झाल्यावर चिरंजीवांनी हात पुसले आणि म्हणाले, "चावी द्या, गाडी कशी आहे बघू." मी शेजारी बसलो. हीसुद्धा पदर खोचून मागे येऊन बसली. काटा चाळीसला टेकायला आला तशी ती बोलायला लागली. ही दिवसाकाठी मोजकं बोलणारी बाई. पण आता शेजाऱ्यांची गळकी टाकी, धाकट्या बहिणीचे गुडघे, साबणाचे भाव, काही म्हणून तिने शिल्लक ठेवलं नाही. डावं वळण आलं की तिचा आवाज एक पट्टी वर जायचा. मी खिडकीबाहेर बघत होतो.

चिरंजीवांनी आरशात दोनदा बघितलं आणि गाडी कडेला घेतली.

"आई, तुला बरं वाटतंय ना?"

"मला काय झालंय?"

"बाबा, ही घरीही अशीच बोलत असते? कधीपासून?" आणि मग हळू आवाजात, "माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. उद्याच दाखवू. खरं सांगू का, तुम्ही दोघांनी आता आमच्याकडेच राहायला यावं."

आरशात ही माझ्याकडेच बघत होती. तोंड घट्ट मिटलेलं. गाडीपायी बाईने स्वतःला वेडी ठरवून घ्यायची तयारी केली होती.

"तिला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "बेअरिंग गेलंय. उजवं."

चिरंजीवांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली आणि डाव्या वळणावर कान देऊन ऐकलं. "उजवंच आहे. पण मग निघताना डाव्या चाकाचे नट नुकतेच उघडलेले दिसले, ते?"

"त्यातलं बेअरिंग मी बदललं."

"आईला विचारलं नव्हतं?"

"मी न विचारताच तिने सांगितलं होतं."

चिरंजीव हसले नाहीत, पण खांदे हलले. थोड्या वेळाने म्हणाले, "गाडी ठेवायची की काढायची, ते आई ठरवेल."

हिने घाई केली नाही. पुढचा सगळा रस्ता मला त्या चाकाखेरीज काही ऐकू आलं नाही.

"ठेवू या," अखेर ती म्हणाली. "पण चावी माझ्याकडे राहील, आणि उद्या मिस्त्रीशी मी बोलेन."

"आणि मी?"

"तुम्ही बरोबर यायचं. गप्प बसून."

मी लगेच कबूल झालो. मग विचारावंसं वाटलं की उद्यापुरतंच ना, पण गप्प बसणं सुरू झालं होतं.