उपाशी दोर

थोरल्याने जेवणाचा डबा टाकीआड सरकवला, पट्टा कमरेला आवळला आणि गच्चीच्या कठड्यावरून पाय बाहेर टाकले. काचा पुसायला तो दोराने उतरायचा. वर धाकटा भाऊ खांबाला एक वेढा मारून दोर हळूहळू सोडायचा.

"चार घास तरी खाऊन उतरा," सकाळी बायको म्हणाली होती. रोजचंच तुणतुणं! भरल्या पोटी सुस्ती येते, हात जड होतात, म्हणून उपाशीच उतरायचं, हा त्याचा नियम. दिवसभर नुसता चहा ढोसायचा आणि संध्याकाळी अधाशासारखं ताटावर तुटून पडायचं. मग रात्रभर छातीत जळजळ, सकाळी पोट जड. हल्ली तर कामावर जाणंच जिवावर यायचं. वय झालं, म्हणायचा. चाळिशीत!

सातव्या मजल्याशी त्याच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. फडका निसटला आणि भिरभिरत पार खाली गेला. तो खाली पोचायला किती वेळ लागला ते पाहून थोरल्याची पाचावर धारण बसली. आपणही असेच जाणार! दोन्ही हातांनी त्याने दोर धरला. दोर थरथरत होता.

"दादा, काय झालं?"

"काही नाही. थांब जरा."

सदऱ्याच्या खिशात काहीतरी टोचलं. बिस्किटांचा पुडा. बायकोने गुपचूप कोंबलेला. एरवी तो करवादला असता. आता त्याने एकामागून एक बिस्किटं तोंडात कोंबली. घशाला कोरड, घास उतरेना, पण त्याने गिळलं. जरा वेळाने घाम सुकला, काचेतलं स्वतःचं तोंड नीट दिसू लागलं. हात स्थिर झाले. बायकोचंच खरं निघालं तर. त्याला हसू आलं.

मग त्याने दोराकडे पाहिलं.

दोर अजूनही थरथरत होता.

"धाकट्या," त्याने आवाज शक्य तितका साधा ठेवला, "सकाळी काय खाल्लंस रे?"

"काही नाही. तूच शिकवलंस ना, उपाशी राहायचं."

थोरल्याने वर कठड्याकडे पाहिलं.

"बाळा," तो म्हणाला. कित्येक वर्षांत त्याने भावाला अशी हाक मारली नव्हती. "दोराला गाठ मार. खांबाला. आत्ता."

पुड्यात दोन बिस्किटं उरली होती. ती पडू नयेत म्हणून त्याने पुडा मुठीत घट्ट धरला आणि वर बघत राहिला.