फोन कुठल्या कंपनीचा?

सलग दोन रविवार सम्राटचा फोन आला नाही, तेव्हा जाईबाईंनी ठरवलं, आता आपणच लावायचा. सम्राट त्यांचा एकुलता एक मुलगा, सुरतेला कापडाच्या गिरणीत सुपरवायझर. दोन हजार चारच्या दिवाळीत त्यानंच खुटबावच्या घरात हा बिनवायरचा, अँटेनावाला फोन आणून ठेवला होता. तेव्हापासून लावायचा त्यानं आणि उचलायचा जाईबाईंनी.

कॅलेंडरवर लिहिलेला नंबर बघून त्यांनी बटणं दाबली. आतून एक बाई बोलली, "या फोनवर एसटीडी सेवा उपलब्ध नाही."

"अवं, कंपनीला जाऊन सांगा की," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"सांगतो. पर कंपनी कंची?" शंकररावांनी विचारलं.

इथंच गाडी अडली. फोनवरचं कंपनीच्या नावाचं स्टिकर जाईबाईंनीच पहिल्या आठवड्यात घासून काढलं होतं. नव्या वस्तूवर कागद कशाला, म्हणून. पावती सम्राटच्या पाकिटात. वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले, त्यामुळं बिलही येत नव्हतं. गावाबाहेर टॉवर दोन, दोन कंपन्यांचे. पाटसच्या साखर कारखान्यात वीस वर्षं फिटर असलेल्या शंकररावांनी फोन उलटा करून खोलला, आत डोकावून पाहिलं आणि पुन्हा बसवला. एक स्क्रू उरला.

जाईबाई तडक चांदभाईंच्या दुकानात गेल्या. चांदभाईंचं पूर्वी एसटीडी बूथ होतं. घरोघरी फोन आल्यावर त्यांनी एसटीडी बंद करून तिथं चपला मांडल्या. गावातल्या गावात बोलण्यापुरता फोन तेवढा ठेवला.

"भाई, आमचा फोन बंद करून आलेय. आता आमचा नंबर लावा."

"बंद फोन लावून काय करता, भाभी? बंद हाय म्हणंल ती बाई."

"म्हणू द्या. पर कुणाच्या वतीनं म्हणती, ते ऐकायचंय."

चांदभाईंनी नंबर फिरवला आणि रिसीव्हर दोघांच्या मध्ये धरला. "स्वरदूत कंपनीच्या ज्या ग्राहकाशी आपण संपर्क साधत आहात…"

"स्वरदूत!" जाईबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की चप्पल घालून बघणारं गिऱ्हाईक दचकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शटल रेल्वेनं त्या दौंडला गेल्या. स्वरदूतच्या ऑफिसात माया नावाची मुलगी कॉम्प्युटरवर बसली होती. तिनं नंबर टाकला. "एसटीडी घेतलेलीच नाही, मावशी. फोन तुमच्याच नावावर आहे. इथं सही करा, संध्याकाळी चालू होईल."

"माझ्या नावावर?" जाईबाईंनी दोनदा विचारलं. मग सावकाश, एकेक अक्षर नीट काढून सही केली. सुरतेचा नंबर मात्र घरी कॅलेंडरवर राहिला होता. नाहीतर दौंडच्याच एखाद्या बूथवरून त्या बोलल्या असत्या.

संध्याकाळी फोन लागला. सम्राटच्या खोलीवरच्या पोरानं उचलला. "आंटी, सम्राट को गालगुंड हुआ है. मुँह नहीं खुलता. आप बोलिए, वो ठोकेगा. एक बार मतलब हाँ, दो बार ना."

"सम्राट? हायस का?"

टक.

जाईबाईंचा जीव भांड्यात पडला. "डॉक्टरला दावलंस?"

टक.

"ताप हाय?"

टक टक.

"आन् मला कळवलं का न्हाईस? मी घाबरंन म्हणून?"

या वेळी अगदी हळू, टक.

मग जाईबाई बोलतच सुटल्या. एरवी तो 'बरं आई, ठेवतो' म्हणून मध्येच तोडायचा. आज त्याला तोडता येत नव्हतं. पातळ खिचडी खा, गळ्याला मफलर बांध, शेजारच्या अनसाबाईची म्हैस व्याली, तुझ्या बापानं फोन खोलला व्हता.

"काय म्हणतोय?" शंकरराव कधीचे शेजारी उभे होते.

"बरा हाय. तुम्हीच इचारा."

त्यांनी फोन कानाला लावला, घसा साफ केला आणि विचारलं, "जेवलास?"

टक.

शंकरराव हसले आणि उत्तर म्हणून आपणही फोनवर बोटानं एकदा वाजवलं.