साबणगल्लीची शेवटची

साबणाचा कारखाना बंद पडून कितीतरी वर्षं लोटली, तरी सगळे त्या गल्लीला साबणगल्लीच म्हणत. कारखान्याच्या जागी काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा त्या बांधणाऱ्या कंपनीला हे नाव खुपायला लागलं. ऐन उन्हाळ्यात कोपऱ्यावर निळी पाटी लागली : ‘सी ब्रीझ’. समुद्र तिथून आगगाडीने दिवसभराच्या अंतरावर, आणि वाऱ्याचं म्हणाल तर झाडाचं पानही हलत नव्हतं.

कोपऱ्यावरच्या शिवणाच्या दुकानात बसणाऱ्या काकूंना अख्खी गल्ली शिवणकाकू म्हणायची. त्यांनी सुई तोंडात धरूनच पाटी वाचली.

“आपल्याला नावं ठेवणारे पुष्कळ पाहिले,” त्या म्हणाल्या, “पण गल्लीलाच नाव ठेवणारे हे पहिले.”

“नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा,” त्यांची नणंद म्हणाली. ती गल्लीतल्या सार्वजनिक तरणतलावावर पोहायला शिकवायची आणि दुपारचा डबा खायला दुकानात यायची.

पाटीखाली कंपनीने मोठं चित्र लावलं होतं. त्याच तलावात पांढऱ्या केसांची एक बाई डोळे मिटून पाण्यावर पहुडलेली, खाली लिहिलेलं : ‘उन्हाळा जगावा तर इथेच’. काकू त्या बाईकडे बघतच राहिल्या. त्यांचे सगळे उन्हाळे मशीनपुढे गेले होते, तेही पंखा बंद ठेवून, कारण पातळ कापड उडतं. तलाव हाकेच्या अंतरावर, पण त्यांनी कधी पायसुद्धा बुडवला नव्हता.

“ही कोण हो?”

“असेल कुणी नटी. आपल्याकडची नाही.”

“मग आपल्याकडची का नाही? वन्सं, मला पोहायला शिकवा.”

नणंदेला ठसका लागला. “वहिनी, गुडघे दुखतात म्हणून तुम्ही जिना चढत नाही!”

“पाण्यात कुठे आलाय जिना?”

मुलाने फोनवर कपाळाला हात लावला असणार. “आई, या वयात?”

“याच वयात. पुढच्या वयाची हमी कुणी दिलीय का?”

पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात, पण काकूंना आधी नुसतं बुडताच आलं. नाकातोंडात पाणी जायचं. कठडा सोडवत नव्हता. नणंद ओरडायची तेव्हा त्या तिला मनातल्या मनात शिव्या घालायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या आधी फाटकाशी हजर असायच्या. एका सकाळी कठडा मागे राहिला, हे त्यांना पुढे गेल्यावर कळलं. पाणी गार होतं, वर ऊन पडत होतं, आणि कानात कसलाच आवाज नव्हता. त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं.

उन्हाळा सरता सरता कंपनीने त्याच तलावावर वेगवेगळ्या वस्त्यांच्या शर्यती ठेवल्या. साठीच्या पुढच्या बायकांच्या शर्यतीत नणंदेने वहिनींचं नाव घातलं.

“सी ब्रीझच्या स्पर्धक!” ध्वनिक्षेपक ओरडला.

काकू बाकावरून हलल्या नाहीत.

“वहिनी, तुम्हाला बोलावतायत.”

“छे, मला नाही. दुसरी कुणी असेल.”

पुन्हा पुकारा झाला. तेव्हा निळा शर्ट घातलेला कंपनीचा तरुण अधिकारी लगबगीने आला. “काकू, आणखी एकदा पुकारून आला नाहीत तर बाद व्हाल.”

“माझी गल्ली पुकारा. तरी आले नाही, तर खुशाल बाद करा.”

“अहो, नाव बदललंय आता. नकाशात, बसथांब्यावर, सगळीकडे.”

“तुमच्या इमारतीला हवं ते नाव द्या, बाबा. मी लग्न करून साबणगल्लीत आले, इथंच मूल वाढवलं. खोट्या पत्त्यावरून पोहू होय?”

“माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, काकू.”

“मग तुम्ही गप्प राहा. मीच सांगते.”

काकू ओल्या फरशीवरून जपून चालत गेल्या, पुकारणाऱ्याच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाल्या, “साबणगल्ली. हजर.”

टाळ्या आधी मागून आल्या, मग सगळीकडून.

अर्ध्या वाटेवर त्यांचा दम संपला. बाकीच्या कधीच पोचल्या होत्या. शेजारची दोरी हाताशी होती, पण ती धरली की शर्यत संपली. नणंद काठावरून सोबत चालत होती : “श्वास सोडा वहिनी, आधी सोडा!” त्यांनी श्वास सोडला, मान वर काढली, एक हात मारला, मग दुसरा. भिंतीला बोटं लागली तेव्हा छाती भात्यासारखी हलत होती.

निकालाच्या पांढऱ्या फळ्यावर काळ्या शाईत लिहिलं होतं : ‘सी ब्रीझ – शेवटचा क्रमांक’.

“जाऊ दे की वहिनी,” नणंद हसली, “शेवटचा नंबर राहू दे त्यांच्याच नावावर!”

“का म्हणून? दम माझा गेलाय.” काकू फळ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. केसांतून पाणी गळत होतं. “शेवटचा असला तरी आमचा आहे. दुरुस्त करा.”

निळ्या शर्टाने आजूबाजूला पाहिलं, मग तळहाताने अक्षरं पुसली आणि ‘साबणगल्ली’ लिहिलं. त्याचा हात काळा झाला.

पाटी काही निघाली नाही. बसचा कंडक्टरही नवंच नाव घेतो. काकू मात्र त्याला दर वेळी जुनं नाव सांगतात, आणि तो मुकाट्याने तिकीट देतो.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचे खांदे ठणकत होते. तरी त्या तलावावर गेल्या आणि नणंदेला म्हणाल्या, “आज खोल बाजूला.”