डाव्या हाताची रेघ

कारखान्यात तिला सगळे रेघाकाकू म्हणत. खरं नाव हजेरीच्या कागदावर असेल तेवढंच. बावीस वर्षं ती एका खिडकीपाशी, एकाच उंच स्टुलावर बसून मेणखडूंच्या रेघा ओढत आली होती. साच्यातून निघालेल्या प्रत्येक लॉटमधले दहा खडू तिच्या टेबलावर यायचे. जाड पांढऱ्या कागदावर ती प्रत्येकाची एक रेघ ओढायची, रेघेकडे बघायची आणि वहीत सही करायची. तिची सही झाल्याशिवाय एकही खडू पॅकिंगमध्ये जात नसे. चित्र म्हणाल तर बाईने उभ्या जन्मात एक काढलं नव्हतं. पण निळा खडू निळा उमटतो की नुसता चमकतो, हे तिलाच विचारावं.

आणि ही रेघ ती डाव्या हाताने ओढायची, उजवा चांगला धडधाकट असताना. लहान पोर धरतं तसा खडू मुठीत धरायचा, मनगट सैल सोडायचं आणि कागदावर नुसता फिरवायचा. नवीन आलेला माणूस हसायचाच. पॅकिंगमधल्या बायका म्हणायच्या, काय ते काम, काकूंच्या डाव्या हाताचा मळ. काकूही त्यांच्यात हसायची. खरं कारण तिने आजवर कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं. पॅकिंगमध्येच कामाला असलेल्या धाकट्या जावेलासुद्धा नाही.

तिला इथे लागून दोन वर्षं झाली होती आणि लेक चार वर्षांची होती, तेव्हाची गोष्ट. काकूने कारखान्यातला एक डबा घरी आणला, स्वतः पास केलेल्या लॉटमधला. लेक तो शाळेत न्यायला लागली आणि रोज कोरा कागद घेऊन परत यायला लागली. बाईंनी निरोप धाडला, मुलगी रंगवतच नाही, नुसती बसून राहते. काकूचा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असायचा. तिने पोरीला दोन धपाटे घातले, समोर बसवलं आणि म्हणाली, रंगव. पोरगी हुंदके देत खडू फिरवत राहिली आणि कागद कोराच राहिला. तेव्हा कुठे काकूने तो उचलून उजेडात तिरपा धरला. कागदावर रेघाच रेघा होत्या, मेणाच्या, चकचकीत, बिनरंगाच्या. पोरीने अख्खं घर काढलं होतं, दारं-खिडक्यांसकट.

खडू कडक होता. मोठ्या माणसाने उजव्या हाताने दाबला की छान उमटायचा, आणि काकूने तो तसाच दाबून पास केला होता. ते दोन धपाटे लेकीला आता आठवतही नाहीत. काकूला आठवतात. दुसऱ्या दिवसापासून तिने हात बदलला.

तीन महिन्यांपूर्वी नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. आल्या आल्या त्यांच्यापुढे तक्रारींचा ढीग पडला: उन्हात गाडीतच खडू वाकतात, डबा उघडला की एकमेकांना चिकटलेले निघतात. साहेबांनी भट्टीवाल्याला सांगून कडक मेण वाढवलं, आणि खडू वाकायचे थांबले. मग त्यांनी रेघा ओढायचं मशीन आणलं. खडू चिमट्यात धरायचा, वर ठरलेलं वजन, मिनिटाला दहा रेघा. रंग उमटला की हिरवा दिवा. मशीन ठेवलं काचेच्या केबिनमध्ये, साहेबांच्या खुर्चीशेजारी. तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकायला किती सोपं.

ते ठरलेलं वजन आलं कुठून, याची चौकशी काकूने भट्टीवाल्याकडे केली. तो म्हणाला, साहेबांनी काट्यावर कागद ठेवला, स्वतःच्या हाताने त्यावर खडू ओढला आणि काटा जिथे गेला तो आकडा मशीनला लावला. ही चूक तिच्या चांगल्या ओळखीची होती.

गुरुवारी नव्या मेणातल्या निळ्याचा पहिला मोठा लॉट आला. शाळा उघडायला आठ दिवस होते आणि हे डबे शाळांतच जायचे होते, अगदी लहान वर्गांसाठी. मशीनचा दिवा केव्हाच हिरवा झाला होता. काकूने पहिला खडू मुठीत धरला आणि फिरवला. काही नाही. दुसरा, तिसरा, पार दहावा. कागद खिडकीपाशी तिरपा केला, तर दहाही रेघा नुसत्या चकाकत होत्या. तिने वहीत भली मोठी फुली मारली.

जाऊ धावत आली. पाण्यात राहून माशाशी वैर करू नका, म्हणाली. पंधरा बायका हात बांधून बसल्यात, गाडी दारात उभी आहे, एक सही करून टाका आणि मोकळ्या व्हा. काकूचं तोंड एवढंसं झालं. हे टेबल, ही खिडकी सोडून दुसरं काम तिला येत नव्हतं, आणि या वयात नवं शिकायची हौसही नव्हती. पण हात काही वहीकडे गेला नाही.

मग साहेब स्वतः आले. त्यांच्या मागोमाग पॅकिंगच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. फुकटचा तमाशा कोण सोडतं?

"मशीन पास म्हणतंय, काकू," साहेब म्हणाले. "सही करा. नाहीतर सोमवारपासून पॅकिंगला बसा. हे टेबल मी काढून टाकतो."

"टेबल काढा. सही होणार नाही."

"मग मी करतो."

"करा की. पण पेनने नको." काकूने वही त्यांच्यापुढे सरकवली आणि वर एक निळा खडू ठेवला. "याच खडूने करा. आणि डाव्या हाताने."

साहेब हसले. दाराकडे नजर गेली, तसे हसायचे थांबले. इतक्या बायकांसमोर नाही म्हणणं त्यांना जड गेलं असावं. त्यांनी खडू डाव्या हातात घेतला आणि सही केली, अगदी शेवटच्या फराट्यापर्यंत. वहीचं पान जसंच्या तसं होतं. त्यांनी पुन्हा केली, आणखी जोर लावून, तर खडू कडकन मोडला.

"माझा डावा हात कच्चा आहे," ते म्हणाले.

"चार वर्षांच्या पोराचे दोन्ही हात डावेच असतात, साहेब."

दारात कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. साहेबांनी वही उचलली, खिडकीपाशी तिरपी धरली आणि आपली चकचकीत सही बराच वेळ बघत राहिले. मग हळूच विचारलं, पोराच्या हाताला जोर असतो तरी किती. आकडा सांगा, मशीनला लावतो.

"आकडा मला येत नाही. हात पुढे करा."

त्यांनी तळहात पुढे केला. काकूने दुसरा खडू डाव्या मुठीत धरला, मनगट सैल सोडलं आणि त्यांच्या तळहातावरून फिरवला. साहेब वाट बघत राहिले.

"ओढा ना," ते म्हणाले.

"ओढून झाली." काकू तिथेच थांबली नाही. दारातल्या बायका ऐकत होत्या, जाऊ ऐकत होती, ऐकू देत. "एवढाच जोर असतो. तेवढ्याने रंग उमटला नाही म्हणून मी माझ्या पोरीला मारलं होतं. खडू मीच पास केला होता."

साहेबांचा हात तसाच पुढे होता. मग त्यांनी तो मागे घेतला, खिशातून पेन काढलं आणि काकूच्या फुलीखाली सही केली.